बारावं नाव

गाठ मारली की चाचा ती लगेच ओढत नसत. तंगूसाचा, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोऱ्याचा वेढा दोन बोटांत सैल धरून तोंडाजवळ नेत, जिभेच्या टोकाने ओला करत, आणि मग डोळे बारीक करून सावकाश आवळत. आवळता आवळता म्हणत, "सुकी गाठ ओढू नको, बाय. सुकी गाठ ऐन वेळी दगा देते."

अकरा वर्षं मी हे वाक्य ऐकलं. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आमची मासेमारीच्या सामानाची ट्रेडिंग कंपनी आहे. पुढे शोरूम, मागे स्टोअर, मध्ये काचेच्या केबिनमध्ये मी. मी अ‍ॅडमिन बघते. ते स्टोअर बघत. सगळं ऑफिस त्यांना चाचा म्हणायचं, मीही. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. एकदा ते मी एका यादीतून काढलं आहे, आता लेखात घालून काय करू?

मला ते बाय म्हणत. मी कोल्हापूरकडची, आमच्याकडे कुणी असं हाक मारत नाही. पहिल्या दिवशी मी जरा ताठ्यात सांगितलं, "चाचा, इथे सगळे मॅडम म्हणतात."

"म्हणू दे की," ते म्हणाले. "रत्नागिरीत मॅडम शाळेत असते. तू मला शिकवणार हायस काय?"

नंतर शिकले मीच. रीळ कसं भरायचं, गळाचे आकडे कसे वाचायचे, गिऱ्हाईक दोरा तुटला म्हणून तक्रार घेऊन आलं की काय बघायचं. "टोक बघायचा," ते सांगत. "टोक सरळ तुटला असेल तर दोरा कमी पडला. टोक गोल वळला असेल, स्प्रिंगसारखा, तर गाठ सुटली. म्हंजे सुकी ओढली. गिऱ्हाइकाला सांगू नको मात्र. नवीन तंगूस दे नि गाठ आपण बांधून दे."

"का नाही सांगायचं? चूक त्याची ना?"

"त्याचा मासा गेलाय, बाय. वर आणि चूक पण त्याच्याच गळ्यात?"

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल. कुणाचीही चूक असो, ती आपल्या खिशात टाकून पुढच्या कामाला लागणारा. आपण त्याला साधा म्हणतो आणि त्याच्या खिशाची खोली कधी बघत नाही.

चाचांचं गाव रत्नागिरीजवळ खाडीच्या काठी. लहानपणापासून खाडीत गरवायचे, म्हणजे गळाने मासे धरायचे, मग गल्फमध्ये आले ते समुद्रावर. शुक्रवारी पहाटे जेटीवर जाऊन बसत. मासेमारीचा परवाना प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि ती शर्टाच्या आतल्या खिशात. कुणी कागद मागायच्या आधी ते काढून दाखवत. हे मुद्दाम सांगते आहे. कागदाच्या बाबतीत तो माणूस माझ्यापेक्षाही पक्का होता.

पण त्यांचं मन होतं भलत्याच मासळीवर. ट्राउट. डोंगरातल्या थंड नदीत राहणारी, अंगावर ठिपके असलेली. आमच्याकडे एक पायलट गिऱ्हाईक यायचा. सुट्टी मिळाली की कुठल्या ना कुठल्या डोंगरात जाऊन ट्राउट पकडायचा आणि परत आल्यावर फोनवरचे फोटो दाखवायला थेट स्टोअरमध्ये शिरायचा. चाचा फोन हात लांब करून धरत. मासा केवढा होता हे बाकीचे विचारत. चाचांचा पहिला प्रश्न ठरलेला: "पानी कितना ठंडा था?"

मी एकदा विचारलं, "चाचा, पाण्याचं काय एवढं?"

"आमच्याकडची डोंगरातली नदी उन्हाळ्यात सुकते नि पावसात येडी होते. इथे तर नदीच नाय. बारा महिने वाहणारा, काचेसारखा, हाड गोठवणारा पाणी, त्यात उभा राहून गरवायचा. हे मी फक्त पुस्तकात बघितलाय." पुस्तक म्हणजे आमचा रॉडचा कॅटलॉग.

त्याच कॅटलॉगात स्टीलहेडचं चित्र होतं. पायलटने समजावलं की हीसुद्धा ट्राउटच. फक्त ही नदीत जन्मते, लहानपणीच समुद्रात जाते, तिथे अंगावर चांदीसारखी झळाळी येते, आणि काही वर्षांनी आपल्याच नदीत परत येते.

चाचांनी कॅटलॉग हात लांब करून धरला. मग म्हणाले, "म्हंजे ही गल्फवाली मासळी."

आम्ही हसलो, तसे ते आणखी गंभीर झाले. पायलटला हिंदीत विचारलं, "वापस जाती है समंदर में?"

"कुछ जाती हैं, चाचा."

"मग नक्की गल्फवाली. सुट्टी खलास झाली."

तेव्हापासून गावाहून परतलेला प्रत्येक माणूस आमच्या ऑफिसात स्टीलहेड झाला. माझा मुलगासुद्धा, मी सुट्टीवरून आले की इंग्रजीत विचारायचा, की आईची स्टीलहेड बॅग कुठे आहे, म्हणजे चकल्यांची.

ट्राउट धरायला किडा लावत नाहीत, पिसांची खोटी माशी लावतात. चाचा त्या माश्या बनवायला स्वतःच शिकले. टेबलाच्या कडेला एक चिमुकली लोखंडी पकड स्क्रूने बसवली होती. जेवणाची सुट्टी झाली की गळ तिच्यात अडकवायचे आणि त्यावर शिंप्याकडचा दोरा आणि खाटकाकडून आणलेली कोंबड्याच्या मानेची पिसं गुंडाळत बसायचे. एक दिवस मी चहा घेऊन त्यांच्याशी बोलायला गेले. कप टेबलावर ठेवला आणि बघते तर आत माशी. मी चहा बेसिनमध्ये ओतला. मागून आवाज आला, "बाय, ती माजी दोन दिवसांची मेहनत होती."

मी बेसिनच्या जाळीतून ती माशी काढून दिली. ते खूश झाले. "तुज्यासारखी हुशार बाई फसली. मासा किस झाड की पत्ती?"

आता याद्यांबद्दल.

आमच्याकडे तेवीस माणसं आहेत. त्यांचे व्हिसे, इन्शुरन्स, लायसन्स, पासपोर्ट, सगळ्याच्या तारखा माझ्या एका शीटमध्ये असतात. पासपोर्टला आठ महिने उरले की ओळ पिवळी होते, सहा उरले की लाल. पिवळी झाली की मी त्या माणसाला बोलावते आणि फॉर्म भरून घेते. त्यामुळे आमच्या ऑफिसात स्वतःचा पासपोर्ट उघडून कुणी बघत नाही. "मॅडम सांगतील" हे ठरलेलं. माझ्या यादीत चूक नसते, हे ऑफिसात म्हणीसारखं झालं होतं. मला ती म्हण आवडत होती, हेही लिहून ठेवते.

चाचा तेवढे अपवाद. त्यांच्या शेवटच्या वर्षी ईदच्या दुसऱ्या दिवशी शीरखुर्म्याचा डबा घेऊन केबिनमध्ये आले. डबा ठेवला आणि म्हणाले, "बाय, माजा पासपोर्ट जानेवारीत संपतो. फॉर्म भरूया?"

मी शीट उघडली. चाचा डिसेंबरमध्ये निवृत्त होऊन गावी जाणार होते. व्हिसा तेव्हाच कॅन्सल होणार. म्हणजे पासपोर्ट जानेवारीपर्यंत पुरत होता.

"कशाला, चाचा? इथे फोटो, अपॉइंटमेंट, दोन फेऱ्या. गावी जाऊन निवांत काढा."

"मधी काय लागला तर?"

"काय लागणार आहे आता?"

ते थोडे घुटमळले. "तू म्हणतेस तर," म्हणाले आणि गेले. मी त्यांच्या ओळीत तारीख पुसून "लागू नाही" लिहिलं. "लागू नाही" लिहिलेली ओळ पिवळी होत नाही, लालही होत नाही. ती पांढरीच राहते. शीरखुर्मा फार छान झाला होता.

जूनमध्ये साहेबांनी मीटिंग घेतली. दर वर्षी आम्ही चांगल्या गिऱ्हाइकांना आणि सेल्सच्या लोकांना मासेमारीच्या सहलीला नेतो. त्या वर्षी ठरलं शारजाहून तीन-चार तासांच्या विमानावरचा जॉर्जिया, डोंगरातली नदी, ट्राउट. बारा जागा. साहेब पुण्याचे, तोंडाने कडक, पण कधीकधी त्यांना आतून उमाळा येतो. म्हणाले, "बारावी जागा चाचांची. पंचवीस वर्षं ट्राउटच्या रॉड विकल्या, ट्राउट बघितली नाही. जाताना एकदा बघून जाऊ देत."

मी स्टोअरमध्ये जाऊन सांगितलं. चाचा शिडीवर होते. खाली उतरले, हात पुसले, पुन्हा पुसले. "माजा नाव यादीत लिवलास?"

"लिहिलं."

"दाखव."

मी प्रिंट दाखवली. बाराव्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं आणि थोडा वेळ तसंच राहू दिलं. इंग्रजी त्यांना जेमतेम यायचं, पण स्वतःचं नाव वाचता येत होतं.

त्यानंतर तीन महिने त्यांनी जेवणाच्या सुट्टीत दुसरं काही केलं नाही. बारा माश्या बनवल्या. गळाच्या टोकाशी मासा सुटू नये म्हणून उलटा काटा असतो, तो त्यांनी प्रत्येक माशीचा चिमट्याने चेपून टाकला. पायलटने सांगितलं होतं की त्या नद्यांमध्ये मासा धरून परत सोडतात, काटा असला तर त्याचं तोंड फाटतं. औषधाच्या गोळ्यांच्या एका डबीत कापूस पसरून त्यावर बारा माश्या ओळीने ठेवल्या. ती डबी त्यांनी मला दाखवली, साहेबांना दाखवली, पाण्याचे जार आणणाऱ्यालाही दाखवली. घरी बायकोला व्हिडिओ कॉल करून दाखवली. ती म्हणाली, "एवढ्या माश्या तर आपल्या बाजारात फुकट हायत." हे त्यांनी स्वतःच आम्हाला हसत हसत सांगितलं.

तिकिटांसाठी मी गिऱ्हाइकांचे पासपोर्ट मागवून बघितले, आपल्या लोकांचे शीटमध्ये तपासले. एकही ओळ लाल नव्हती. आठवडा उरला असताना एजंटचा फोन आला. "मॅडम, बारा नंबर का पासपोर्ट देखा आपने? चार महीने बचे हैं. छह चाहिए. बोर्डिंग नहीं मिलेगा."

मी शीट उघडली. बारावी ओळ पांढरी होती.

तातडीच्या पासपोर्टसाठी अपॉइंटमेंट शोधली. त्या दिवशी रिकामी नव्हती. एकदा शोधली, दोनदा नाही. रद्द झालेल्या जागा सकाळी पुन्हा दिसतात, हे मला नंतर कुणीतरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहलीच्या औषधांची यादी करत होते.

साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. चाचा शर्टाच्या खिशावर हात ठेवून उभे होते. खिशात ती डबी होती.

"हे बघायचं काम कुणाचं?" साहेबांनी विचारलं. नजर माझ्याकडे होती.

मी तोंड उघडलं होतं, एवढं मला नक्की आठवतं. काय म्हणणार होते ते आठवत नाही. बहुतेक "शीटमध्ये असं झालं की" असं काहीतरी. तेवढ्यात चाचा म्हणाले, "माजाच, साहेब. बायनी मला ईदलाच सांगितला होता. मीच इसरलो. माजी चूक."

"काय हो चाचा," साहेब म्हणाले. "मॅडम एवढं सांगतात, तर ऐकायचं ना."

"चूक झाली."

मी गप्प बसले.

तुम्हाला वाटेल मी नंतर, एकटी साहेबांकडे जाऊन बोलले असेन. मलाही तसंच वाटत होतं. साहेब पुढे म्हणाले, "आता नाव बदलता येतंय तोवर तुम्हीच जा मॅडम. ग्रुपला कुणीतरी सांभाळणारं हवंच आहे." आणि मी बाहेर येऊन बाराव्या ओळीत त्यांचं नाव काढून माझं घातलं. काम निघालं की मी लगेच करते. ती माझी सवय आहे.

संध्याकाळी स्टोअरमध्ये गेले. "चाचा, तुम्ही तसं का सांगितलंत?"

ते खोकी मोजत होते. "मी चाललो डिसेंबरात. तुला इथेच बसायचा हाय." मग डबी काढून माझ्या हातात दिली. "ह्या घेऊन जा. एक तरी मासा माज्या माशीवर धर."

"आणि तुम्हाला काय आणू?"

"काय नको. नदीचा आवाज आण फोनवर. पण मधी बोलू नको."

जॉर्जियातली ती नदी मी कधी विसरणार नाही, पण तिचं वर्णन मला नीट करता येत नाही, कारण मी तिच्याकडे फारशी बघतच नव्हते. बघत होते माणसांकडे, बॅगांकडे, घड्याळाकडे. पाणी हिरवट, दगडांवरून फेसाळत जाणारं. वाटाड्याने आम्हाला छातीपर्यंत येणाऱ्या रबरी तुमानी दिल्या. सगळे पाण्यात उतरले, शेवटी मीही.

डबीतली एक माशी काढली. तंगूस ओवला, वेढे घेतले, गाठ ओढली. वाटाड्या घाई करत होता, हात गारठले होते, आणि दोरा तोंडात घालायचं मला सुचलंच नाही. गाठ ओढताना बोटांना थोडी ऊब लागली. सुकी ओढली की तंगूस घासून गरम होतो, हे मला माहीत होतं. अकरा वर्षं माहीत होतं.

तिसऱ्या फेकीला माशी पाण्यावर पडली आणि एका दगडाच्या सावलीतून काहीतरी पिवळसर वर आलं. रॉड वाकली. मासा पाण्याबाहेर उसळला, अंगावरचे लाल ठिपके मी स्पष्ट बघितले. मी ओरडले. कुणाला हाक मारली माहीत आहे? चाचांना. बाजूचा सेल्समन दचकून माझ्याकडे बघायला लागला.

आणि दोरा सैल पडला. मासा गेला, माशीही गेली. टोक हातात घेतलं तर स्प्रिंगसारखं वळलेलं.

परत निघताना आवाजाची आठवण झाली. फोन नदीकडे धरला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. पण बस उभी होती, माणसं चढत होती, आणि मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. मोजून झाल्यावर लक्षात आलं की आपण रेकॉर्डिंगमध्ये मोठ्याने बोललो. पुन्हा करायला वेळ नव्हता. ते तसंच पाठवून दिलं.

परत आल्यावर पहिल्या दिवशी चाचांनी विचारलं, "पाणी?"

"खूप थंड, चाचा. पाय बधिर झाले."

"बधिर कसा? आधी टोचतो का आधी जळतो?"

मला सांगता येईना. मी लक्षच दिलं नव्हतं. जगात ज्या एका गोष्टीची त्यांना उत्सुकता होती, ती माझ्या पायांना झाली आणि मी बसची वेळ बघत होते.

"एक लागला होता," मी म्हटलं. "तुमच्या माशीवर. मोठा होता. सुटला."

त्यांचा चेहरा उजळला. "माज्या माशीवर आला? वर आला? तू बघितलास?"

"लाल ठिपके होते."

"गाठ ओली केली होतीस?"

"हो," मी म्हटलं.

रॉड आणि रिळं परत आली की तपासून जागेवर ठेवायचं काम त्यांचंच. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी माझं रीळ उचललं आणि तंगूसाचं टोक बोटावर घेतलं. ते वळलेलं होतं. मी कापायला विसरले होते. त्यांनी ते उजेडात धरलं, अंगठ्याने सरळ केलं. ते पुन्हा वळलं.

"तंगूस जुना असेल," ते म्हणाले. "मी बदलायला पायजे होता. माजी चूक."

कात्रीने तेवढा तुकडा कापून त्यांनी कचऱ्यात टाकला.

रेकॉर्डिंगचं मी म्हटलं, "चाचा, मधलं माझं बोलणं कापून देते. मुलाला सांगते, तो करेल."

"ऱ्हावदे," ते म्हणाले. "आता झालाय तसा बरा हाय."

डिसेंबरपर्यंत माझ्या रोजच्या कामांच्या यादीत "चाचांबद्दल साहेबांशी बोलणे" ही ओळ होती. दिवसअखेर राहिलेली कामं मी दुसऱ्या दिवशी उतरवून घेते. ती ओळ मी रोज उतरवून घेतली, अक्षर न बिघडवता.

त्यांना विमानतळावर सोडायला मी गेले होते. दोन खोकी, एक बॅग. एका खोक्याची दोरी सुटत होती, मी बांधायला लागले. त्यांनी पाण्याची बाटली उघडून गाठीवर पाणी शिंपडलं आणि हसले. मी म्हटलं, "चाचा, त्या पासपोर्टचं मी साहेबांना सांगणार आहे."

"कशाला?"

"खरं आहे म्हणून."

"खलास, बाय. मासा गेला. आता पाण्यात दगड मारून काय करतेस?" मग म्हणाले, "येशील तेव्हा घरी ये. खाडी दाखवतो. थंड नाय, पण पाणी हाय."

शेवटी जानेवारीत मी साहेबांना सांगितलं. सगळं, ईदच्या डब्यापासून. ते एका हाताने ईमेल लिहीत होते. "अहो, झालं ते झालं. ते गेले ना आता गावी? मजेत असतील. सोडा." आणि पुढच्या शिपमेंटचं विचारलं. जी गोष्ट सांगायला मी इतके महिने घाबरले होते, ती ऐकायला त्यांना अर्धं मिनिटही लागलं नाही.

चाचा अधूनमधून फोन करायचे. गुडघे दुखतात, नवा पासपोर्ट काढला, उगाच काढला, कुठे जायचाय. मी एकदा म्हटलं, "चाचा, ट्राउट हिमाचलमध्येही आहेत. पासपोर्ट लागत नाही. मी गाड्यांची यादी करून पाठवते." मी यादी केली, गाड्या, वेळा, राहायची जागा, औषधं, सगळं. पाठवली. त्यांनी उत्तर दिलं, "छान लिवलायस." दोन महिन्यांनी स्टोअरमधल्या मुलाने मेसेज दाखवला. चाचा सकाळी खाडीवर गेले होते, घरी येऊन बसले, आणि गेले.

मे महिन्यात सुट्टीवर गेले तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. चाचींना मी व्हिडिओ कॉलवर बघितलं होतं, त्यांनी मला लगेच ओळखलं. घर लहान, अंगणातून खाडी दिसते. चहा झाला. कप खाली ठेवताना मी सवयीने आत माशी नाही ना ते बघितलं.

"लय मन होता त्यांचा त्या नदीवर," चाची म्हणाल्या. "पण पासपोर्ट इसरले. आमाला सांगायचे, माजीच चूक, बायनी तर सांगितला होता."

घरीसुद्धा त्यांनी तेच सांगितलं होतं. स्वतःच्या बायकोलाही.

"चाची," मी म्हटलं, "ते विसरले नव्हते. ते मला सांगायला आले होते. मीच नको म्हटलं. नंतर साहेबांनी विचारलं तेव्हा ते खोटं बोलले, आणि मी ऐकून घेतलं."

चाचींनी कप बाजूला सारले. मग उठल्या, कपाटातून एक पिशवी काढली, पिशवीतून दुसरी पिशवी. तिच्यात रेशन कार्ड, मासेमारीचा तो जुना परवाना, आणि नवा पासपोर्ट होता. एकही शिक्का नसलेला.

"तो माणूस कागद इसरेल?" त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षां मी त्याच्याबरोबर काढली. मला म्हाईत होता. पण तो म्हणायचा तसा आमी ऐकून घेतला. तुमच्यासारखाच."

रागाने नाही बोलल्या. रागाने बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग त्यांनी चाचांचा फोन आणला. "हे रोज लावायचे. उन्हं कलली, असराची नमाज झाली की अंगणात बसून. तुमचा आवाज आमच्या घरात सगळ्यांना पाठ हाय." आणि त्यांनी बटण दाबलं.

आधी नुसती नदी होती. दगडांवरून जाणारं पाणी, मोठं, न थांबणारं. मी ते पहिल्यांदाच नीट ऐकत होते. मग त्यावर एका बाईचा आवाज आला, कामाच्या घाईतला, स्वतःवर पूर्ण भरवसा असलेला.

"नऊ... दहा... अकरा... बारा. सगळे आले. चला, यल्ला."